मुलांच्या खाऊतलं कॅफिन कोण मोजतंय?

जानेवारी महिना. आमच्या पाचवीच्या वर्गात शिष्यवृत्तीची सराव परीक्षा चालू होती. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा, एरवी शांत, मान खाली घालून काम करणारा, त्या दिवशी सारखी चुळबूळ करत होता. उत्तरपत्रिकेवरचे गोल भरताना पेनाची रेघ गोलाबाहेर जात होती. जवळ जाऊन पाहिलं तर बोटं थरथरत होती, तळहात ओलसर. तासाभरात दोनदा लघवीला जाऊन आला होता. "बाई, छातीत धडधडतंय," म्हणाला. परीक्षेची भीती असेल असं मला वाटलं. पाणी दिलं, खिडकीपाशी बसवलं.

मधल्या सुट्टीत त्याने दप्तरातून एक प्लास्टिकची बाटली काढली. तळाशी दोन घोट लाल पेय उरलं होतं. शाळेच्या आसपासच्या कुठल्याही दुकानात वीस रुपयांना मिळते, तीच एनर्जी ड्रिंकची बाटली. "आईने दिलंय," तो म्हणाला. "आज परीक्षा आहे ना, ताकद येते म्हणून."

शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावर त्याचं वजन होतं 25 किलो.

त्या दिवशी त्याला जे झालं त्यात भीतीचा वाटा किती आणि बाटलीचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हिशेब मांडता येतो. आपल्याकडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं. 250 मिलीच्या बाटलीत वरच्या मर्यादेने 75 मिलिग्रॅम. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2015 साली मुलांसाठी सांगितलेली मर्यादा आहे वजनाच्या किलोमागे दिवसाला 3 मिलिग्रॅम. पंचवीस त्रिक पंच्याहत्तर. कॅनडाचं आरोग्य खातं आणखी कडक आहे, ते किलोमागे अडीच मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नका म्हणतं. म्हणजे सकाळी अकराच्या आत या पोराचा दिवसभराचा वाटा संपला होता, कदाचित ओलांडलाही होता. आणि सकाळचा चहा वेगळाच.

शाळा सुटताना त्याची आई भेटली. ती तीन घरी स्वयंपाकाची कामं करते. मुलाने शिष्यवृत्ती मिळवावी म्हणून रात्री स्वतः त्याच्याजवळ बसते, मराठीचे उतारे वाचून घेते. मी बाटली दाखवली तर चेहरा उजळला. "हो बाई, मीच घेऊन दिली. दुकानात विचारलं, अभ्यासाच्या पोराला काय देऊ, तर ते म्हणाले हे द्या, सगळी पोरं हेच नेतात." मी म्हटलं, "अहो, यावर लिहिलंय की लहान मुलांना देऊ नका." तिने बाटली उलटसुलट करून पाहिली. "कुठं?"

मला ती उजेडात धरून नखाने दाखवावं लागलं. मागच्या बाजूला, घटकांच्या यादीखाली, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मुलांनी, गरोदर आणि स्तनदा मातांनी, कॅफिन न सोसणाऱ्यांनी घेऊ नये. दिवसात 500 मिलीपेक्षा जास्त नको. नियमाने सांगितलेलं सगळं छापलेलं होतं. कंपनीची चूक काढायला जागा नव्हती. पण ज्या बाईसाठी ते छापलं, तिला ते वाचता येत नव्हतं. ती मराठी उत्तम वाचते. आपल्या नियमाप्रमाणे वेष्टनावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतं. महाराष्ट्रात विकायच्या मालावर मराठी असायलाच हवी असं नाही. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत होता तो 'एनर्जी' हा एक शब्द, आणि तो मात्र आता मराठीच झालाय. एनर्जी म्हणजे ताकद हे तिला ठाऊक होतं.

तिने फसवून घेतलं नाही, तिला फसवलं गेलं, असं माझं म्हणणं आहे. या सगळ्या विषयात 'आईबापांनी लक्ष द्यायला नको का' हे वाक्य फार पटकन तोंडात येतं. म्हणून आधी तिची बाजू मांडली.

ताकद येते म्हणजे नक्की काय होतं? दिवसभर मेंदू काम करत असतो तेव्हा त्यात अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल तितकी झोप येते. शरीराने आपल्याला दिलेली ती सूचना आहे की बाबा, आता पुरे. अॅडेनोसिनची किल्ली ज्या कुलपात बसते त्याच कुलपात कॅफिन जाऊन अडकून बसतं. कुलूप उघडत नाही, पण खरी किल्लीही आत जाऊ शकत नाही. थकवा तिथेच असतो, तो जाणवत नाही एवढंच. सोबत हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतात, लघवीला वारंवार जावं लागतं, काहींना मळमळतं, काही मुलं विनाकारण घाबरी होतात. मोठ्या माणसाच्या शरीरातून निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला प्यायलेलं रात्री अकराला अर्धं शिल्लक असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो तेव्हा नवजात अतिदक्षता विभागात त्यांना कॅफिन देतात, पण ते वजन करून, मिलिग्रॅममध्ये मोजून. दवाखान्यात जे औषध म्हणून तोलून मापून दिलं जातं, तेच दुकानात एखाद्या पोराच्या हातात कुणी न मोजता ठेवतं.

आता कुणी म्हणेल, आमच्या घरी असली पेयं येतच नाहीत. माझ्याही घरी येत नाहीत. म्हणून मी एका रविवारी माझ्या मुलीचा हिशेब मांडून पाहिला. ती 30 किलोची, म्हणजे तिची मर्यादा 90 मिलिग्रॅम. सकाळी आजीबरोबर चपाती-चहा, अर्धा कप. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात चहाच्या कपात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन धरलंय. अर्ध्या कपाचे पंधरा धरू. दुपारी मावशी आली, तिने आणलेलं 40 ग्रॅमचं दूध-चॉकलेट: सात-आठ. संध्याकाळी सोसायटीतल्या मैत्रिणीचा वाढदिवस. तिथे प्लास्टिकच्या पेल्यातून कोल्ड कॉफी, वर चॉकलेटचा रस ओतलेला. इन्स्टंट कॉफीच्या एका कपाचे त्याच पुस्तकात 50 ते 65 दिलेत, पन्नास धरले. शिवाय समोशाबरोबर कोला, 300 मिलीचे साधारण तीस. बेरीज शंभराच्या पुढे गेली. त्यात केकमधला कोको धरलेला नाही, आणि परत येताना मुठीत आणलेल्या कॉफीच्या गोळ्याही नाहीत, कारण त्यांचा आकडा मला सापडलाच नाही. वेष्टनं सुटी करून, चष्मा लावून पाहिलं. चॉकलेटवर साखर लिहिली आहे, मेद लिहिलाय, सोडियम लिहिलंय. कॅफिन हा शब्दच नाही. ती रात्री साडेबाराला झोपली, आणि सोमवारी सकाळी मी तिला उठत नाही म्हणून रागावले.

यातला एकही पदार्थ वाईट म्हणून ओळखला जात नाही. कोल्ड कॉफी म्हणजे 'दूधच की', चॉकलेट म्हणजे लाड, चहा म्हणजे तर आपलं घरच. प्रत्येक ठिकाणी थोडंसं असतं आणि थोड्याशाला कुणी हरकत घेत नाही. मुलाच्या शरीराला मात्र हे वेगवेगळं कळत नाही, त्याला बेरीजच मिळते. कोकोच्या पावडरीचा एक सपाट मोठा चमचा घेतला तर त्यात दहा-बारा मिलिग्रॅम असतं. गडद चॉकलेटमध्ये दूध-चॉकलेटच्या तिप्पट-चौपट. हल्ली 'डार्क आरोग्याला चांगलं' म्हणून मुलांच्या डब्यातही तेच दिलं जातं. गणपतीत चॉकलेटचे मोदक, राखीला चॉकलेटचा डबा, निकालाला चॉकलेट. दुकानदाराकडे सुटे नसले की हातावर चार गोळ्या.

मी चॉकलेटच्या विरोधात नाही. एक गोळी खाल्ली म्हणून कुणाला काही होत नाही, आणि पोरांना खाऊची भीती घालणं मला शिक्षिका म्हणून अजिबात पटत नाही. माझं भांडण आहे ते आकडा न छापण्याशी.

कॅफिन नुसतं पेयात राहणार नाही, ते खाऊत शिरणार, हे अमेरिकेत आधीच दिसलंय. तिथे 2013 साली रिग्ली या मोठ्या कंपनीने कॅफिन घातलेला च्युइंगगम बाजारात आणला, एका तुकड्यात 40 मिलिग्रॅम. त्याच्या आसपास कॅफिनवाले लाह्यांचे खाऊ, जेली, वॉफल असंही काय काय येत होतं. तेव्हा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीरपणे सांगितलं की कॅफिन घालायला आम्ही स्पष्ट परवानगी दिली ती फक्त कोलापेयांसाठी, तीही 1950च्या दशकात. हे मुलांपर्यंत पोचलं तर काय होईल ते तपासावं लागेल. कंपनीने गमची विक्री थांबवली. कायदा झाला नव्हता, नुसता प्रश्न विचारला गेला होता. तसा प्रश्न आपल्याकडेही वेळेवर विचारायला हवा. व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांसाठीचे कॅफिनवाले बार आणि गोळ्या आजही मोबाइलवर मागवता येतात, आणि दारात आणून देणारा मुलगा घेणाऱ्याचं वय विचारत नाही.

'आम्ही चहावरच वाढलो, आम्हाला काय झालं?' हा प्रश्न पुण्यात विचारला नाही असं होत नाही. ज्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य आहे तिथे चहाला नावं ठेवणाऱ्याकडे लोक परका असल्यासारखं पाहतात. माझ्या सासूबाई परवा हेच म्हणाल्या. त्यांना मी विचारलं, आई, तुम्ही लहानपणी चहा किती प्यायचा? म्हणाल्या, "बशीत ओतून. आणि चहा कसला, दुधात रंग आलेला असायचा." झोपायच्या किती वाजता? "दिवेलागणीनंतर तासा-दोन तासात जेवणं, की झोप." त्यांच्या दिवसात कॅफिनची ती एकच बशी होती. कोला नव्हता, कोल्ड कॉफी नव्हती, उशाशी मोबाइल नव्हता.

आणि खरं सांगायचं तर, त्या चहानेही काही झालं नाही असं नाही. चपाती-चहा ही आपल्याकडच्या असंख्य मुलांची न्याहारी आहे. चहातलं टॅनिन नावाचं द्रव्य अन्नातलं लोह शरीरात नीट शिरू देत नाही. दोष इथे कॅफिनचा नाही, टॅनिनचा आहे, पण कप एकच. म्हणून तर त्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत रक्तक्षय किती, तर 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 68.9 टक्के. त्याआधीच्या फेरीत तो 53.8 होता. याचं खापर एकट्या चहावर फोडणं चुकीचं होईल. भाज्या, डाळी, जंत, आईचं स्वतःचं रक्त, कितीतरी कारणं आहेत. पण 'काय झालं' असं विचारणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा.

थोड्या मोठ्या पोरांचं वेगळंच. श्रावणाच्या सुमाराला नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी तिथून जाताना मी पाहते, चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुली कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास वाजवतात, घामाने भिजलेली असतात, आणि मध्ये थांबली की पाण्याऐवजी तीच लाल-निळी बाटली. ठोके आधीच वाढलेले, त्यात आणखी. नव्या पेठेतल्या अभ्यासिकांच्या खाली हीच बाटली कॉफीच्या जोडीला विकली जाते, आणि तिथे दादा-ताई काय पितात हे दहावीची पोरं पाहत असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 सालीच म्हटलंय की असल्या पेयांना मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात जागाच नाही. 'प्रमाणात घ्या' असंही नाही म्हटलं. लिथुआनियाने 2014 पासून अठराच्या आतल्यांना ती विकायला बंदी केली, पोलंडने 1 जानेवारी 2024 पासून.

आपल्याकडे काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी घालणार असं जाहीर केलं. मी तेव्हा ती बातमी कापून शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लावली होती. कात्रण पिवळं पडलं. आमच्या फाटकापासून ते दुकान चाळीस पावलांवर आहे, आणि ती बाटली फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, पाचवीतल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर होती. दुकानदार काका भले आहेत, पावसात मुलांना आत उभं करून घेतात. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, मला कुणी काही सांगितलंच नाही. सांगा, उद्या वरच्या कप्प्यात ठेवतो." आणि ठेवल्याही. घोषणा मुंबईत झाली, पण ती फाटकापर्यंत चालत आली नाही. तंबाखूसाठी शाळेपासून 100 यार्डांचा नियम किती वर्षं आहे, आणि टपऱ्या कुठे आहेत हेही आपण पाहतोच.

याच सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला. कारण काय, तर मुलांची झोप पुरी होत नाही. निर्णयाने बसच्या फेऱ्यांपासून पालकांच्या नोकरीपर्यंत सगळ्यांना त्रास झाला, तरी मला तो मनापासून पटला. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि ती मिळाली नाही की तिसऱ्या तासाला वर्गात काय दिसतं हे मला कुणी सांगायला नको. पण झोपेसाठी शाळेची घंटा पुढे ढकलायची आणि झोप उडवणारी बाटली फाटकासमोर राहू द्यायची, हे एकमेकांत बसत नाही. करांचंही तसंच. सप्टेंबर 2025 पासून कॅफिनयुक्त पेयं वस्तू व सेवा कराच्या 40 टक्क्यांच्या गटात आहेत. ही वस्तू घातक आहे हे तिजोरीला कळलंय. मग ते त्या आईला कळेल अशा भाषेत बाटलीवर का छापत नाहीत?

माझी मागणी मोठी नाही. ज्या ज्या पाकिटात, गोळीत, बाटलीत, आइस्क्रीमच्या कपात कॅफिन आहे, मग ते वरून घातलेलं असो की कोको-कॉफीतून आलेलं, त्यावर पुढच्या बाजूला ठळकपणे मिलिग्रॅम लिहा. शंभर मिलीला किती असं कोडं नको, या बाटलीत किती ते लिहा. शेजारी मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात: लहान मुलांसाठी नाही. युरोपात 2014 पासून जास्त कॅफिनच्या पेयांवर आणि कॅफिन घातलेल्या खाऊवर इशाऱ्यासोबत आकडाही छापावा लागतो. तिथले कारखाने त्यामुळे बंद पडले नाहीत. उपाहारगृहांच्या मुलांसाठीच्या यादीत कोल्ड कॉफीपुढे आकडा लिहायला शाई किती लागते? आणि शाळेच्या 500 मीटरचा निर्णय लेखी आदेश म्हणून प्रत्येक दुकानदाराच्या हातात पडायला हवा. तो द्यायला कुणी अधिकारी येणार नसेल तर आम्ही शिक्षक पोचवतो.

'सरकारने काय काय बघायचं, आईबापांनी बघावं' याचं उत्तर मला त्या मुलाच्या आईनेच दिलं. त्या संध्याकाळी मी तिला चहाचंही सांगितलं. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "बाई, चहा मी करते. पावडर किती टाकली ते मला दिसतं, कमी करायची तर करीन. पण या बाटलीत कुणी किती टाकलंय ते मला कसं दिसणार?"

पुढच्या सराव परीक्षेला तो मुलगा घरून पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे घेऊन आला. गोल नीट भरले होते. दोन गणितं चुकली, ती अपूर्णांकांची, तिथे तो आधीपासूनच कच्चा आहे.